वसावा, वसावे आणि जुळवणी करणारं यंत्र

अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत महाराष्ट्राच्या भागात भिल्लांची नोंद एका लांबलचक ओळीत आहे. भिल्ल, भिल्ल गरासिया, ढोली भिल्ल, डुंगरी भिल्ल असं करत ती ओळ तडवी, भिलाला, पावरा यांच्यापर्यंत येते आणि शेवटी दोन शब्दांवर थांबते: वसावा, वसावे. ज्यांनी अक्कलकुवा तालुका पाहिला आहे त्यांना या दोन शब्दांमधला स्वल्पविराम लगेच कळेल. डोंगराच्या अलीकडे, महाराष्ट्रात, आडनाव वसावे. पलीकडे गुजरातेत, सागबारा-डेडियापाड्याकडे, तेच वसावा. सोयरीक दोन्हीकडे, कूळ एक, फक्त शाळेची भाषा वेगळी. १९५०च्या आदेशाला वेळोवेळी दुरुस्त्या करणाऱ्या कुणा बाबूला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने दोन्ही रूपं लिहून ठेवली. त्याच यादीत गामीत आणि गावीतही एकाच नोंदीत शेजारी बसले आहेत. सरकारी कागदावर इतकं समंजस वाचन क्वचितच दिसतं.

मी हा स्वल्पविराम पहिल्यांदा नीट पाहिला तो दोन वर्षांपूर्वी, एका फोनमुळे. माझे वडील मोलगी परिसरातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता तीन मुलांचा बाप, त्यांना फोन करून म्हणाला, “गुरुजी, पोरीचा अर्ज परत आला. कारण काय तर म्हणे माहिती जुळत नाही. कशाशी जुळत नाही ते कोणी सांगत नाही.” पोरगी जन्मली तेव्हा हे कुटुंब मजुरीसाठी सीमेपलीकडे होतं. जन्माच्या दाखल्यावर बापाचं आडनाव वसावा लागलं. बापाचे स्वतःचे सगळे कागद वसावे. अर्ज ऑनलाइन होता, तपासणी आपोआप होत होती, आणि नकार कुठल्या माणसाने दिला हे शोधायला गेलं तर माणूसच नव्हता. वडिलांनी फोन माझ्याकडे दिला. “तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग.”

मला उत्तर माहीत होतं, कारण मी पोटासाठी नेमकं तेच करतो. पुण्यात एका कंपनीत मी नावं जुळवणारं सॉफ्टवेअर लिहितो. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ते ठरवतं.

हे कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण न्याय-अन्यायाची चर्चा बहुतेक वेळा ‘एआय पक्षपाती असतं’ या वाक्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नाव जुळवण्याच्या ज्या जुन्या पद्धती अजून वापरात आहेत त्यातली एक साउंडेक्स. तिचं पेटंट अमेरिकेत १९१८मध्ये घेतलं गेलं आणि पुढे तिकडच्या जनगणनेच्या नोंदी शोधायला ती वापरली गेली. नावाचं पहिलं रोमन अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. ‘डब्ल्यू’ हे अक्षर पहिलं नसेल तर ते मोजायचंच नाही, कारण इंग्रजी नावात ते बहुधा स्वरासारखं वावरतं. आता वसावे हे आडनाव घ्या. दोन्ही ‘व’ जर ‘व्ही’ने लिहिले तर संकेत येतो व्ही-२१०. पहिला ‘व’ डब्ल्यूने लिहिला तर डब्ल्यू-२१०. दुसरा डब्ल्यूने लिहिला तर व्ही-२००. एकाच माणसाचे तीन संकेत, आणि ते कशावर ठरतात तर सेतू केंद्रातल्या ऑपरेटरचं बोट त्या दिवशी कुठल्या कळीवर पडलं यावर. गंमत म्हणजे वसावा आणि वसावे मात्र दोन्ही व्ही-२१०. जे दोन शब्द दोन राज्यांत वेगळे झाले ते या पद्धतीला एकच वाटतात, आणि जो शब्द एकाच घरात आहे तो तिला तीन वाटतो. पाडवी या आडनावाचंही असंच होतं. गावीत आणि गामीत तर कायद्याच्या लेखी एका ओळीत असूनही इथे सरळ वेगळे.

आम्ही साउंडेक्स वापरत नाही, त्याहून बरी पद्धत वापरतो. जारो आणि विंकलर या दोघांनी बसवलेली. तीही अमेरिकेच्या जनगणना खात्यातच जन्मली. दोन नावांत किती अक्षरं जुळतात, सुरुवात सारखी आहे का, हे पाहून ती शून्य ते एक यांच्यामधला गुण देते. वळवी हे आडनाव एका कागदावर ‘व्ही’ने आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने सुरू होत असेल तर गुण येतो साधारण ०.८७. आमच्याकडे पास होण्याची रेषा ०.८५ होती. ती मी ठरवली होती. का ठरवली? नीट दिसत होती म्हणून. पुढे एका ग्राहकाने तक्रार केली की भलतीच माणसं एक म्हणून दाखवली जातायत. मग एका दुपारच्या मीटिंगमध्ये रेषा ०.९० झाली. बदल एका ओळीचा होता आणि तपासणारा सहकारी ‘ठीक आहे’ म्हणून जेवायला गेला. त्या एका ओळीने किती वळव्यांना दोन माणसं केलं, हे मी आजपर्यंत मोजलेलं नाही. आमच्या भाषेत अशा नावांना ‘एज केस’ म्हणतात, म्हणजे कडेला घडणारी गोष्ट. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १६,४८,२९५ होती आणि त्यात दर दहांत जवळपास सात जण आदिवासी होते. इतकी मोठी कड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आडनाव जुळलं नाही तर जन्मतारीख पाहा, असं कुणी म्हणेल. आम्हीही तेच करतो. नाव डळमळीत असेल तर तारखेला जास्त वजन देतो. इथे मला वडिलांचा उल्लेख करावा लागतो, कारण या जिल्ह्याच्या डेटात जी गडबड आहे तिचा एक हिस्सा त्यांच्या सुंदर अक्षरात आहे. जूनमध्ये पालक मुलाला घेऊन येत. जन्म कधीचा? होळीच्या आधीचा. कुठल्या होळीच्या? मग वडील मुलाकडे नजर टाकत आणि रजिस्टरमध्ये १ जून लिहीत, म्हणजे शाळा सुरू होताना त्याला सहा वर्षं पूर्ण. महाराष्ट्रभर शिक्षकांनी हेच केलं, पण जिथे बाळंतपणं घरी होत आणि नोंद करायला कोसभर कुणी नसे तिथे वर्गच्या वर्ग १ जूनला जन्मला. नावंही गुरुजींच्या हातून बदलत. वारावरून ठेवलेलं बुध्या शाळेत बुधा होई, पुढे एखादा उत्साही गुरुजी त्याचं बुधसिंग करी. ते फसवणूक करत नव्हते. मूल शाळेत बसावं एवढाच त्यांचा हेतू होता, आणि वाचणाऱ्याला हे कळेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांना अपेक्षित असलेला वाचक तालुक्याचा शिक्षणाधिकारी होता, ज्याने स्वतःही कधीतरी रजिस्टरमध्ये १ जून लिहिलेला होता.

आता त्या रजिस्टरचा वाचक बदलला आहे. नागरिकत्वाचा प्रश्न इथे येतो.

नागरिकत्वाचा अर्ज म्हटलं की आपल्याला बाहेरून आलेला माणूस आठवतो. १९५५च्या कायद्यात नोंदणीने आणि देशीयकरणाने नागरिकत्व मिळवण्याची कलमं आहेत, ती त्याच्यासाठी. पण आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या वेळी जन्मापासून तिथे राहणाऱ्यांनाही अर्जदार व्हावं लागलं. ३,३०,२७,६६१ लोकांनी अर्ज केले. १९५१ची नोंदवही आणि २४ मार्च १९७१पर्यंतच्या मतदार याद्या संगणकात घालण्यात आल्या. प्रत्येकाने त्यात आपला पूर्वज शोधायचा आणि आपण त्याचे वंशज कसे हे कागदांनी दाखवायचं. मग सॉफ्टवेअर एकाच पूर्वजाच्या नावावर दावा करणाऱ्या सगळ्यांची वंशवृक्षं एकमेकांशी ताडून पाही. एका भावाने पाच भावंडं लिहिली आणि दुसऱ्याने सहा, की विसंगती. इंजिनियर म्हणून मला ही रचना हुशार वाटते, हे कबूल करतो. खोटा पूर्वज विकत घेणाऱ्याला ती खरंच पकडू शकते. पण बहिणीचं नाव विसरलेल्या, किंवा बापाने दुसरं लग्न केल्यावर बोलणं बंद झालेल्या भावांनाही ती तेवढ्याच सफाईने पकडते, आणि तिला या दोघांतला फरक करता येत नाही.

३० जुलै २०१८च्या मसुद्यात ४०,०७,७०७ जण बाहेर राहिले. पुढे सुमारे ३६ लाखांनी दावे केले, सुनावण्या झाल्या, माणसांनी माणसांना विचारलं. ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीत बाहेर राहिलेल्यांचा आकडा १९,०६,६५७ होता, म्हणजे मसुद्याच्या निम्म्याहून कमी. मसुद्यातले सगळे नकार यंत्राचे नव्हते, कागद तपासणारे अधिकारीही त्यात होते. तरीही जी तपासणी तोंडी विचारपूस केल्यावर एवढी बदलते, तिच्या पहिल्या निकालाला निकाल म्हणणं मला पटत नाही. मी असं सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं असतं तर कराराचे पैसे मिळाले नसते.

त्यातही बायकांची गत वेगळी. लवकर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या बाईकडे तिला बापाशी जोडणारा कागद नसतो. आसामात अशा लाखो बायकांनी ग्रामपंचायतीचे दाखले जोडले. ते गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७मध्ये अमान्य केले आणि त्याच वर्षाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा मान्य केले. मी हे वाचत होतो तेव्हा मनात धडगाव होतं. तिथल्या साठीच्या बाईचं माहेरचं नाव कुठल्या सरकारी कागदावर सापडेल? नवऱ्याच्या घरी आल्यावर तिचं पहिलं नावही कधीकधी बदललेलं असतं. यंत्राच्या दृष्टीने ती लग्नाच्या दिवशी जन्मली.

आसाम लांब आहे असं वाटत असेल तर २००३चे नागरिकत्व नियम वाचावेत. आसामसाठी अर्जांची पद्धत नंतर स्वतंत्रपणे घातली गेली. उरलेल्या देशासाठी नियम ४ आहे. लोकसंख्या नोंदवहीतल्या माहितीची पडताळणी करताना ज्यांचं नागरिकत्व संशयास्पद वाटेल त्यांच्या नावापुढे स्थानिक निबंधकाने तसा शेरा मारायचा, पुढच्या चौकशीसाठी. संशयास्पद म्हणजे काय? नियमात व्याख्या नाही. माणसासाठी लिहिलेल्या नियमात अशी मोकळी जागा चालते असं एकवेळ म्हणू, कारण निबंधक निदान गावात येऊन पाहील. पण उद्या या पडताळणीचं सॉफ्टवेअर लिहायचं काम आलं तर ती जागा कुणीतरी भरणार. एखादा माझ्याच वयाचा मुलगा तिथे आकडा टाकणार, ०.८५ किंवा ०.९०. कायद्याने जी व्याख्या केली नाही ती त्या आकड्याने होईल, आणि ती राजपत्रात छापली जाणार नाही.

ही नुसती कल्पना नाही. पश्चिम बंगालमध्ये मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात सॉफ्टवेअरने ‘तार्किक विसंगती’ म्हणून लोकांना वेगळं काढलं. बापाच्या नावात फरक, किंवा आईबाप आणि मूल यांच्या वयात पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर. ते वाचून मी वडिलांना म्हणालो, “तुमचे विद्यार्थी सगळे अडकतील.” आईचं वय मतदार यादीत अंदाजाने लिहिलेलं, मुलाचं वय गुरुजींनी सहाला टेकवलेलं. दोन दयाळू अंदाजांमधली वजाबाकी केली की तेरा वर्षं येतात आणि घरात गुन्हा घडल्यासारखं दिसतं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्हाला काय माहीत, पुढे कोणी वजाबाकी करेल म्हणून.”

नंदुरबारला या सगळ्यात एक विचित्र मान आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, रंजना सोनवणे यांना. मी तेव्हा शाळेत होतो. आपल्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर कुपोषणाशिवाय येतंय याचं आम्हाला अप्रूप होतं. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल, ही त्यामागची कल्पना. पण २०१६च्या आधार कायद्याचं कलम ९ स्पष्ट सांगतं की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. कायदेशीरदृष्ट्या ते बरोबरच आहे, आधार रहिवाशांसाठी आहे. पण कडेच्या माणसाच्या बाजूने पाहा: त्याच्याकडचा सर्वांत पक्का कागद तो कोण आहे हे सांगतो, कुठला आहे हे सांगत नाही, आणि जे कागद ते सांगू शकतात त्यांवर वडिलांच्या अक्षरातला १ जून आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मी माणसांच्या कारभाराचं गोडवं गातोय. तसं नाही. तलाठी, ग्रामसेवक, एजंट यांच्या हातातली छाननी कशी असते हे आमच्या भागात कुणाला शिकवायला नको. यंत्र चहापाणी मागत नाही, साहेब बाहेर गेलेत असं सांगत नाही, आडनाव ऐकून आवाज बदलत नाही. शंभर किलोमीटरची पायपीट वाचली तर तोही न्यायच. जमातीचा दाखला तपासणाऱ्या समितीचंच उदाहरण घ्या. नंदुरबारला अशी समिती आहे. तिथे वर्षानुवर्षं फायली पडून राहिल्याने ज्यांची ॲडमिशनं गेली ती मुलं माझ्यासोबत शिकलेली आहेत. आणि तिथेही एक प्रकारचा अल्गोरिदम होताच: प्रथा-परंपरांचे ठरावीक प्रश्न विचारून माणूस खरा आदिवासी आहे का हे जोखायची ‘आप्तभाव चाचणी’. ती काही निर्णायक कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२३मध्ये सांगावं लागलं.

पण त्या समितीच्या कामाला एक चौकट आहे आणि ती १९९४च्या माधुरी पाटील निकालापासून चालत आली आहे. दक्षता पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत अर्जदाराला द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, नकाराची कारणं लिहावी लागतात, आणि त्या कारणांना उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. ‘माहिती जुळत नाही’ या तीन शब्दांना कुठे आव्हान देणार? ते कारण नाहीच, ती फक्त घटना आहे. अक्षरं जुळली नाहीत हे मलाही दिसतं. न जुळण्यावरून माणसाबद्दल जो निष्कर्ष काढला त्याचं कारण हवं, आणि ते माझ्या सॉफ्टवेअरकडे नसतं. त्याच्याकडे ०.८७ असतं.

संगणकशास्त्रात न्याय्यतेवर अलीकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं गुणोत्तरांबद्दल आहे: दोन गटांत चुकीच्या नकारांचं प्रमाण सारखं आहे का, वगैरे. उपयोगाचं आहे ते. ब्रिटनच्या गृहखात्याने व्हिसाचे अर्ज लाल, पिवळे, हिरवे करणारी यंत्रणा ऑगस्ट २०२०मध्ये मागे घेतली तेव्हा राष्ट्रीयत्वावरून अर्ज लाल होत होते हाच आक्षेप होता. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत परकीय नागरिकत्व हा धोक्याचा निकष धरला गेला, हजारो कुटुंबं कर्जात गेली आणि जानेवारी २०२१मध्ये रुट्ट यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. मात्र आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. १९४६च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ने आपण परके नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच टाकलं होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५च्या कायद्यानेही ते तिथेच ठेवलं. म्हणजे यंत्राने नुसती शंका घेतली तरी पुढचं सगळं काम शंका आलेल्याने करायचं. बँकेत माझं सॉफ्टवेअर चुकलं तर खातं उघडायला आठ दिवस जास्त लागतात. इथे एका टक्क्याची चूक धरली तरी एकट्या नंदुरबारमध्ये सोळा हजारांवर माणसं पुरावे गोळा करत फिरतील, आणि ती सोळा हजार सोडत काढून निवडलेली नसतील. ज्यांची मजुरी बुडते, ज्यांना पोर्टल वाचता येत नाही, ज्यांची नावं दोनदा लिप्यंतरित झाली, तीच असतील.

म्हणून माझं मत मी स्पष्टच सांगतो, माझ्याच धंद्याच्या विरोधात जात असलं तरी. नागरिकत्वाच्या कुठल्याही छाननीत यंत्राला फक्त ‘हो’ म्हणायचा अधिकार असावा. जुळलं तर पास, वाट पाहायची गरज नाही, कुणाचे पाय धरायची गरज नाही. जुळलं नाही तर यंत्राने गप्प बसावं. ‘संशयास्पद’ हा शेरा, किंवा त्याच अर्थाचा दुसरा कुठला सभ्य शब्द, त्याने लिहू नये. ते काम नाव असलेल्या, सही करणाऱ्या, आणि वसावे-वसावा म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाने करावं. यावर माझ्या एका सहकाऱ्याने घेतलेली हरकत चांगली आहे आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो म्हणाला, यंत्राने ज्यांना ‘हो’ म्हटलं नाही त्यांची रांगच मग संशयितांची रांग होईल, आणि तिच्यात सगळे पाडवी आणि वळवीच उभे असतील. खरंय. त्यावर एवढंच सुचतं की त्या रांगेला मुदत असावी, आणि मुदतीत सरकारने लेखी कारण दिलं नाही तर उत्तर ‘हो’ धरावं. ओझं उलट फिरवल्याशिवाय आकडा ०.८५ ठेवला काय नि ०.९५ ठेवला काय, कडेच्या माणसाला सारखंच.

सॉफ्टवेअर सुधारता येईल ना? येईल. दर जिल्ह्याच्या आडनावांचा कोश करता येईल, देवनागरी आणि गुजराती थेट ताडून पाहता येईल, १ जून या तारखेला वजनच न देण्याची अट घालता येईल. मी यातलं काही आमच्याकडे सुचवलं. पहिल्याला बजेट नाही, दुसऱ्याला डेटा नाही. तिसरं मी परवानगी न विचारताच करून टाकलं आणि अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्या मुलीच्या अर्जाचं झालं असं. वडिलांनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिलं: मी अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत या शाळेत होतो, हा माझा विद्यार्थी, वसावा आणि वसावे ही एकाच कुटुंबाची नावं आहेत, सरकारच्या यादीत दोन्ही शेजारी छापलेली आहेत. सोबत त्या यादीच्या पानाची झेरॉक्स जोडली आणि स्वल्पविरामाभोवती लाल पेनाने गोल केला. पोर्टलवर अशा कागदासाठी रकाना नव्हता. मी त्याची पीडीएफ करून ‘इतर’मध्ये चढवली. दोन महिन्यांनी अर्जापुढे ‘मंजूर’ दिसलं. पत्र कुणी वाचलं होतं की मधल्या काळात रेषा खाली आणली गेली होती, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. वडील मात्र सांगत फिरतात की कुणीतरी वाचलं.